सत्यप्रत

बुधवारी, बाजार ऐन भरात असताना
कायतान रेबेलो आला. सारमानसच्या फेरीबोटीवर
एकतीस वर्षं इंजिन सांभाळलेला माणूस,
काखेत खताच्या गोणीत गुंडाळलेले
तीनशे बारा कागद.
"बाय, एकेक प्रत काढ. सावकाश काढ.
माहिती अधिकारात मिळालेत, आठ महिने खेपा घालून.
साहेबांचा खर्च आहे."

मी काढू लागले.
काचेखालचा हिरवा उजेड एकेका बिलावरून सरकत गेला,
रात्री खाजणात कुर्ल्या शोधणाऱ्याच्या बत्तीसारखा.
दिल्लीचं विमान, जाऊन येऊन.
त्या आठवड्यात साहेब डिचोलीतच होते,
माझ्या नणंदेच्या लग्नात, पुढच्या खुर्चीवर,
सोलकढी दोनदा मागून घेतली होती.
पेट्रोल : एका दिवसात इतकं
की पेडण्यापासून काणकोणापर्यंत
सात वेळा गोवा पालथा घालावा, तरी टाकीत उरेल.
'अभ्यागतांचा चहा'
इथे मी थांबले.
त्यांच्या ओसरीवर किती वेळा ताटकळलो आम्ही,
नळासाठी, सासऱ्यांच्या पेन्शनसाठी.
चहा?
पाण्याचा तांब्या कोणी पुढे केला नव्हता.

दोनशे सत्तेचाळिसावा कागद.
शर्वाणी झेरॉक्स, डिचोली.
कागदपत्रांच्या प्रती : रुपये एक्केचाळीस हजार सहाशे.
खाली शिक्का. त्याखाली सही, माझ्या नावाची,
वळणदार, शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली असती अशी.
तारीख अकरा ऑगस्ट.

अकरा ऑगस्टला दुकान बंद होतं.
मी बांबोळीला, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर
आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या लावत बसले होते,
पर्समध्ये सातशे रुपये.

गल्ल्यातून माझा शिक्का काढला.
करणाऱ्याने तेव्हाच चूक केली होती :
'शर्वाणि', ऱ्हस्व.
बदलून द्यायचे दीडशे म्हणाला, म्हणून तसाच राहिला.
त्यांचा शिक्का शुद्ध होता.
व्याकरणात कुठे खोट नव्हती.

रडू येईल वाटलं; आलं ते हसू,
आणि हसता हसता दात आवळले गेले.

कायतानने कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून.
मग दारात जाऊन त्याने हाक घातली,
धुक्यात पलीकडच्या तीराला घालत असेल तशी.
सायकल टेकवून पोदेर मिंगेल आला,
अबोलीच्या फाती विकणारी उमावती टोपलीसकट आली,
"माझं नाव आहे का, बघ गो."

होतं.
उमावतीच्या नावे बाराशे झेंडूचे हार.
मिंगेलच्या नावे पाव,
ज्या महिन्यात त्याची भट्टी ढासळून बंद होती त्या महिन्याचे.
गुणाजी पायलटाच्या मोटरसायकलवर
चौदा पाहुणे पणजीला गेले होते,
एकाच फेरीत.
"मागे बसले कसे रे, गुणाजी?"
सगळे खदखदून हसले. गुणाजीही हसला.
मासळीवाल्या कोयते पाटावर ठेवून आल्या, त्याही हसल्या,
आणि मग एकेक जण हसायचा थांबत गेला
तसा बाजारातला पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

कायतानने सहाशे चोवीस रुपये मोजून दिले.
मी घेतले. पावती दिली,
ऱ्हस्व शिक्क्याची.
मग प्रत्येकाला आपापलं पान हवं झालं,
दोन रिमं संपली, तिसरं उधार आणलं,
यंत्र इतकं तापलं की त्यावर हात ठेववेना.

साडेपाचला आम्ही ओसरीवर पोचलो.
साहेब बैठकीत आहेत म्हणाले.
बसा म्हणाले. खुर्च्या आल्या.
कधी नव्हे तो चहा आला, कपबशीत, बिस्किटांसकट.
कोणी उचलला नाही.
उमावतीने बिस्किटाकडे एकदा पाहिलं,
आणि पदर सावरून तोंड फिरवलं.
चहावर साय धरली.
आत कोणीतरी फोनवर फोन करत होतं.

मी कप मोजले. एकोणीस.
हातातल्या पानाच्या कोऱ्या बाजूला
आकडा लिहिला,
खाली तारीख.